चिलटीचा संसार

लासलगावच्या चाळीत एखादा कांदा नासला, की त्याभोवती चिलटे जमलीच! तिथे जंतूंना काय तोटा? पण चिलटाच्या इवल्याशा देहातही जंतूंशी झुंजणारे सैन्य असते. नवल असे, की नराशी मीलन होताच मादीचे हे सैन्य दुबळे पडते. जंतुबाधा झाल्यास कुमारिकेपेक्षा ती अधिक मरते.

असे का व्हावे? नराच्या वीर्यातील एका प्रथिनामुळे तिच्या देहात एक संप्रेरक वाढते. ते अंडी पोसते, पण रोगप्रतिकार दडपते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली हे दाखविले. जिला अंडीच होत नाहीत, तिचे सैन्य मात्र शाबूत राहते!

वाचकहो, फळांवरचे चिलट खुशाल हाकला. पण त्या माउलीने लेकरांसाठी आपले चिलखत गहाण टाकले आहे, हे विसरू नका.