सरमेचा प्रश्न

युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. महाभारताच्या दुसऱ्या टोकाला, आदिपर्वातल्या पौष्यपर्वात, आणखी एक कुत्रा आहे. त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत बसला आहे. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे तीन भाऊ सोबत आहेत. तिथे देवांची कुत्री सरमा हिचं पिल्लू येतं आणि भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी म्हणते, तूच काहीतरी आगळीक केली असशील. पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, ते चाटलंही नाही. मग सरमा सत्राच्या जागी जाऊन विचारते की, माझ्या मुलाने काही केलं नसताना तुम्ही त्याला का मारलंत? कुणीही उत्तर देत नाही. ती शाप देते की, ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल. जनमेजय इतका घाबरतो की शापातून सोडवणारा पुरोहित शोधत फिरू लागतो.

या कथेत मला नेहमी खटकते ती सरमेची पहिली प्रतिक्रिया. सख्ख्या आईलाही आधी पोराचाच संशय आला. मार बसला त्याअर्थी अपराध झालाच असणार, हा हिशेब किती जुना आहे!

आमच्या वाड्यात मोत्या होता. एकदा आजोबांच्या चपलेचा अंगठा कुरतडलेला सापडला. आजोबांनी ती चप्पल त्याच्या नाकापुढे धरली. मोत्याने कान पाडले, शेपूट पायांत घातली, नजर दुसरीकडे वळवली आणि ओठांवरून जीभ फिरवली. ‘बघा, चोराच्या मनात चांदणं,’ असं म्हणून आजोबांनी त्याच चपलेचे दोन तडाखे हाणले. दोनतीन दिवसांनी जिन्याखालची अडगळ काढताना घुशीच्या बिळाशी चामड्याचे तुकडे मिळाले. त्या रात्री मोत्याच्या भाकरीवर दूध जरा जास्त पडलं. चपलेचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. मीही तो विसरून गेलो होतो. पुढे एक शोधनिबंध वाचनात आला आणि मोत्याचा तो चेहरा जसाच्या तसा समोर उभा राहिला.

तो निबंध अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा, २००९ सालचा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात त्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतात. त्यांनी १४ पाळीव कुत्रे निवडले. मालकाने खाऊ दाखवायचा, ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे राहिलेल्या संशोधिकेने कधी तो खाऊ कुत्र्याला द्यायचा, कधी उचलून ठेवायचा. बाहेर मालकाला मात्र कधी खरं सांगायचं, कधी खोटं. खाल्ल्याचं कळलं तर मालकाने रागवायचं, नाही तर लाडाने हाक मारायची. म्हणजे काही कुत्रे खाऊनही शाबासकी घेत होते आणि काही न खाता बोलणी खात होते. होरोविट्झ यांनी आपण ज्याला अपराधी चेहरा म्हणतो त्याचे घटक मोजले: कान मागे जाणं, नजर चुकवणं, मान खाली घालणं, शेपूट खाली धरून झरझर हलवणं, पंजा उचलणं, उताणं पडणं, ओठ चाटणं. खाऊ खाल्ला की नाही, याच्याशी या चेहऱ्याचा काही संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो मालकाच्या रागावण्याशी. आणि सर्वांत ठळक ‘अपराधी’ चेहरे होते ते काहीही न करता बोलणी खाणाऱ्यांचे.

इथे घाई करू नये. कुत्र्याला अपराधाची जाणीव नसतेच, असं या प्रयोगाने सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की आपण ज्या चेहऱ्यावरून निवाडा करतो, तो पुरावा म्हणून चालत नाही. तो चेहरा ‘मी चुकलो’ असं सांगत नाही, ‘तू रागावला आहेस, मला इजा करू नकोस’ एवढं सांगतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या व प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात कुत्र्याच्या शरीराची हीच दोन टोकं चित्रांसकट दाखवली आहेत: चाल करून जाणारा कुत्रा ताठ, केस उभारलेला; लीन झालेला कुत्रा वाकलेला, लवलवणारा. नम्रतेची खूण ही जणू शत्रुत्वाची खूण उलटी करून घडवलेली. आपण त्या लीनतेला कबुलीजबाब समजलो, ही चूक आपली.

आणि ही चूक स्वतःलाच पोसत जाते. कुत्रा जी सांगड घालतो ती लागोपाठ घडणाऱ्या गोष्टींची. दुपारी उशी फाडली आणि संध्याकाळी सहा वाजता मार बसला, तर त्याच्या लेखी माराच्या अगदी आधी घडलेली गोष्ट म्हणजे आपण दार उघडून आत येणं. दोनचारदा असं झालं की कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला तरी तो कोपऱ्यात दबून बसतो. आपण म्हणतो, बघा, आज नक्कीच काहीतरी उपद्व्याप केलाय. दबून बसण्याचा पुन्हा पुरावा होतो, पुन्हा मार बसतो. उशी फाडण्यामागे बहुधा एकटेपणा किंवा कंटाळा असतो. तो तसाच राहतो, वर भीतीची भर पडते.

भीतीवर आधारलेलं शिक्षण आपल्याकडे परंपरेने आलं असं वाटतं, पण त्याची शास्त्रीय झूल बरीच अलीकडची. जर्मनीतल्या पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं १९१० सालचं पुस्तक हा त्याचा एक टप्पा. दुसरा टप्पा लांडग्यांचा. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली त्यांच्यातल्या वर्चस्वाच्या झगड्याचं वर्णन केलं. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना पुढे नेली. तिथून ‘टोळीचा म्होरक्या’ कुत्र्यांच्या शिक्षकांच्या तोंडी बसला: आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, त्याला उताणा पाडून दाबून धरा. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समेर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असा लकडा त्यांनीच प्रकाशकाकडे लावला. शास्त्रज्ञाने मत बदललं. मैदानात साखळी झटकणाऱ्या शिक्षकापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

दबावाखाली कुत्र्याचं काय होतं, हे तर शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पावलॉव म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ आठवते. त्याच्याच प्रयोगशाळेत १९१४ च्या सुमाराला शेंगर-क्रेस्तोव्निकोवा यांनी एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवला. वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखं करत नेलं. दोन अक्षांचं प्रमाण नवास आठ झालं आणि फरक कळेनासा झाला, तेव्हा आजवर शांत उभा राहणारा कुत्रा केकाटू लागला, अंगावरची साधनं दातांनी तोडू लागला; आधी सहज येणारे सोपे धडेही विसरला. त्याला कुणी मारलं नव्हतं. आपल्याकडून काय हवं आहे हेच कळेना, एवढ्याने त्याचं मन मोडलं. एकाच कुत्र्याला घरातला एक जण सोफ्यावर बोलावतो आणि दुसरा त्याच सोफ्यावरून हाकलतो, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

याहून वाईट गोष्ट अमेरिकेतली. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना अटळ विजेचे झटके दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं की छोटा अडथळा ओलांडला की सुटका. ज्यांना आधी झटके चुकवता आले नव्हते, त्यांतले बरेचसे उठलेच नाहीत, पडून सोसत राहिले. या अवस्थेला शिकलेली असहायता असं नाव पडलं. आज असा प्रयोग सहजासहजी कुणी करू देणार नाही, पण काटेरी किंवा झटका देणारा पट्टा बांधल्यावर ‘आठ दिवसांत गाय झाला हो’ असं कुणी कौतुकाने सांगू लागलं, की मी त्या गायीच्या डोळ्यांकडे बघतो.

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या परिसरात झालेला २०२० सालचा अभ्यास या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. सात शिक्षणवर्गांतले ९२ घरगुती कुत्रे त्यात होते. काही वर्ग बक्षिसावर चालणारे, काही झटके-दटावणीवर. दटावणीच्या वर्गांतले कुत्रे शिकताना जास्त ताणात दिसले, शिकून झाल्यावर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉलही अधिक वाढलेलं आढळलं. पण खरी युक्ती पुढची आहे. कुत्र्यांना शिकवलं की खोलीत एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाणं असतं, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतं. मग वाडगा मधोमध ठेवला. आशावादी जीव लगबगीने जाईल, निराश जीव रेंगाळेल. ज्यांच्यावर सर्वांत जास्त जरब होती ते रेंगाळले. म्हणजे वर्गातली जरब वर्गापुरती राहत नाही. रिकाम्या खोलीतल्या वाडग्याकडे बघण्याची नजरही ती बदलते.

‘खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच झाली’ हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकतो. लाच काम होण्याआधी, काम व्हावं म्हणून दाखवतात. मजुरी काम झाल्यावर देतात. शिकवण्यात खाऊ ही मजुरी आहे. आक्षेप घेणाऱ्यांतलं कुणी पगाराविना कामावर जात असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कुत्र्याच्या भावना ओळखण्यात हळवेपणापलीकडचं एक रोकडं कारण आहे, ते म्हणजे चावा. कुत्रा बहुधा एकाएकी चावत नाही. आधी तो मान वळवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसू लागतं. मग अंग लाकडासारखं थिजतं. मग गुरगुर, दात विचकणं, हवेत तोंड मारणं. चावा ही शेवटची पायरी. आपण करतो काय, तर गुरगुरला की फटका देतो. धाक बसल्याने गुरगुर बंद होते. ज्यामुळे तो गुरगुरला ते मात्र तसंच राहतं. धोक्याची घंटा काढून टाकलेला असा कुत्रा पुढे एखाद्या दिवशी गळ्यात पडणाऱ्या लहान मुलाला चावतो आणि सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावला! रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा देशात तरी ही वर्णमाला शाळेत शिकवायला हवी.

शेपटीबद्दल एक सांगायला हवं. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश, हे अर्धसत्य आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचा कोन मोजला. मालक दिसला की शेपटीचा झोका उजवीकडे अधिक जात होता, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हा फरक साध्या डोळ्यांना टिपता येईलच असं नाही. पण उंच, ताठ आणि बारीक थरथरणारी शेपूट दिसली तर हात आवरावा, हे कुणालाही जमेल.

रस्त्यावरचे कुत्रेही या हिशेबात धरायला हवेत. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कधीही शिक्षण न मिळालेल्या १६० कुत्र्यांपुढे त्यांनी झाकलेले दोन वाडगे ठेवून एकाकडे बोट दाखवलं. सुमारे निम्मे जवळच आले नाहीत. त्यांच्या अंगात धास्ती दिसत होती. जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाची दिशा बरोबर ओळखली. माणसाच्या हाताचा अर्थ कळण्यासाठी त्यांना कुठल्या शाळेत जावं लागलं नव्हतं. लांब राहिलेल्या निम्म्यांना हात म्हटल्यावर काय आठवलं असेल, ते आपल्या गल्लीत उभं राहून पाहिलं तरी पुरे. याच गटाच्या २०१७ च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की, नुसतं खायला घालण्यापेक्षा अंगावरून हात फिरवल्याने भटक्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरचा विश्वास अधिक वाढतो.

अर्थात हात फिरवण्यातही त्याची मर्जी असतेच. तीनचार सेकंद मानेशी खाजवावं आणि थांबावं. हवं असेल तर तो हाताखाली डोकं घालतो. नको असेल तर जागचा हलत नाही किंवा अंग झटकून दूर होतो. फिरायला नेल्यावर प्रत्येक खांबाशी थांबून हुंगतो म्हणून आपण पट्टा ओढतो, पण त्याच्यासाठी तेच खरं फिरणं असतं. सकाळी कुणी हातातला पेपर ओढून घेतला तर आपल्याला कसं वाटतं?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास. मंद आवाजही त्याला आपल्याहून कितीतरी दुरून पोचतात, आणि सुतळी बॉम्ब कधी फुटणार हे त्याला कुणी सांगत नाही. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, त्याने भीती वाढते, असा एक सल्ला दिला जातो, तो चुकीचा आहे. भीती ही काही खाऊच्या आशेने केलेली करामत नव्हे, की कुरवाळलं म्हणून ती वाढावी. संध्याकाळचं फिरणं उजेडातच उरकावं, खिडक्या लावून घ्याव्यात, पंखा किंवा गाणी चालू ठेवावीत. दरवर्षीच हाल होत असतील तर पशुवैद्याला आठवडाभर आधी विचारावं. घरातली झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. आणि तो पलंगाखाली शिरला तर त्याला ओढून बाहेर काढू नये. शेजारी जमिनीवर बसावं, त्याच्याकडे टक लावून न पाहता, हात नुसता सैल टेकवून. यायचं असलं तर तो येतो.