विज्ञान प्रकल्पात मुलांचं काम कोणतं आणि मोठ्यांचं कोणतं?



शाळेत विज्ञान प्रदर्शनाची सूचना निघाली की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "मॅडम, कोणतं मॉडेल करायचं?" त्यापाठोपाठ, "पुठ्ठा चालेल की फोमशीट आणायची?" मुलाला काय शोधून काढायचं आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. मग आदल्या रात्री बाबा वायरी जोडतात, आई तक्त्यावर सुंदर अक्षरात माहिती लिहिते आणि मूल सकाळी ते घेऊन शाळेत येतं. पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतं. परीक्षकांनी मधेच "हे असंच का होतं?" विचारलं की मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं.

यात पालकांची चूक आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. मदत कुठे करायची आणि कुठे थांबायचं, हे आपण शिक्षकांनी त्यांना कधी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून आजच्या लेखात कामाची ही वाटणी पाहू.

प्रकल्प कशाला म्हणायचं?

मॉडेल आणि संशोधन प्रकल्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वालामुखीचं मॉडेल आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट दाखवतं. संशोधन प्रकल्पात असा प्रश्न असतो, ज्याचं उत्तर मुलाला सुरुवातीला ठाऊक नसतं आणि ते मोजून, बघून, नोंदवून काढावं लागतं. प्रश्न अगदी साधा असला तरी चालतो.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वयोगटातली मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन, मार्गदर्शक शिक्षकासोबत तिथे प्रकल्प सादर करतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृती संशोधन प्रकल्प करावा लागतो. आणि स्पर्धा बाजूला ठेवली तरी आपल्या आकारिक मूल्यमापनात 'प्रकल्प' हे साधन आहेच. म्हणजे हा विषय निवडक हुशार मुलांपुरता नाही, आपल्या प्रत्येक वर्गातला आहे.

मोठ्यांच्या तीन भूमिका

शालेय मुलांच्या संशोधनाची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेत भरते, तिला थोडक्यात 'आयसेफ' म्हणतात. ती नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, पण तिच्या नियमांत मोठ्यांच्या भूमिका इतक्या स्पष्ट मांडल्या आहेत की आपल्या सहावी-सातवीलाही त्या उपयोगी पडतात.

१. प्रौढ मार्गदर्शक: शिक्षक किंवा पालक कोणीही चालतो. मुलाच्या सतत संपर्कात राहणं, प्रयोग सुरू होण्याआधी योजना वाचणं, सुरक्षितता आणि नियम पाहणं हे त्याचं काम.

२. विषयतज्ज्ञ: काही विशिष्ट, धोक्याच्या किंवा संवेदनशील विषयांत त्या क्षेत्रातला जाणकार लागतो. आपल्याकडे कृषी सहायक, डॉक्टर, महाविद्यालयातले प्राध्यापक ही मदत करू शकतात.

३. प्रत्यक्ष देखरेख करणारा: प्रयोग चालू असताना शेजारी उभा राहणारा माणूस. त्याच्याकडे मोठी पदवी नसली तरी चालते, पण त्या कामाची माहिती हवी.

आणि विद्यार्थी? वाचन, योजना, प्रयोग, नोंदी, विश्लेषण या सगळ्याची जबाबदारी विद्यार्थ्याची. मोठ्यांच्या तिन्ही भूमिकांत 'प्रयोग करून देणे' हे काम कुठेच नाही, हे लक्षात घ्या. शिवाय जो मार्गदर्शक आहे, तो त्याच प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या समितीत बसू शकत नाही. आपल्याकडे शाळापातळीवर मार्गदर्शक आणि परीक्षक बऱ्याचदा एकच असतात, तिथे निदान दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांना परीक्षक म्हणून बोलावता येईल.

एक उदाहरण: माठातलं पाणी

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते आमच्या सातवीच्या एका गटाच्या उदाहरणाने सांगते.

*प्रश्न.* फेब्रुवारीत एक मुलगी म्हणाली, "बाई, आजी म्हणते माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी जास्त गार होतं. खरंच होतं का?" प्रश्न मुलीचा. माझं काम एवढंच की तो मोजता येईल असा करून घेणं. मी विचारलं, "जास्त गार म्हणजे किती, हे कसं कळणार?" हात लावून, असं एकाने सांगितलं. दोघांनी हात लावले, दोघांची उत्तरं वेगळी आली. मग थर्मामीटरची गरज त्यांना आपोआप पटली.

*साधन.* एक मुलगा घरून ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन आला. त्यावर आकडाच येईना. ताप मोजायचा थर्मामीटर साधारण ३५ अंशांच्या खालचं तापमान दाखवत नाही, कारण माणसाच्या शरीराला त्याची गरज नसते. इथे शिक्षकाने पुढे व्हायचं. योग्य साधन मिळवून देणं आणि ते वापरायला शिकवणं हे मोठ्यांचं काम. काचेतल्या पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी डिजिटल किंवा लाल द्रवाचा थर्मामीटर द्यावा, पारा सांडला तर तो विषारी असतो.

*योजना.* मुलांनी दोन माठ घेतले. फडक्याचा माठ खिडकीत आणि बिनफडक्याचा कोपऱ्यात ठेवला. "चुकलं, असं ठेवा" असं म्हणणं सोपं होतं. त्याऐवजी विचारलं, "या दोन माठांत फरक फक्त फडक्याचाच आहे का?" थोडा वेळ गेला, मग त्यांनीच यादी केली: जागा, वारा, माठाचा आकार, पाणी कधी भरलं. दोन्ही माठ शेजारी आले, एकाच बादलीतलं पाणी दोन्हीत भरलं गेलं. पुढे मी आणखी एक प्रश्न टाकला, "तेच फडकं दुसऱ्या माठाला बांधलं तर?" फरक फडक्यामुळे पडतो की माठामुळे, हे तपासायची ती युक्ती. ती माझ्याकडून आली, म्हणून प्रकल्पवहीत 'ही सूचना बाईंनी केली' असं त्यांनी लिहिलं. मदत घेणं गैर नाही, ती लिहून ठेवली की झालं.

*नोंदी.* तारीख, वेळ, तापमान, त्या दिवसाची हवा या सगळ्या नोंदी मुलांच्याच अक्षरात. एक दिवस ढगाळ, दमट होता. त्या दिवशी दोन्ही माठांत जवळजवळ फरकच पडला नाही. ज्याची वही होती तो रडवेला झाला. "बाई, आजचं खोडू का? सगळं बिघडलं." मी म्हटलं, "खोडायचं नाही. आज काय वेगळं होतं ते बाजूला लिही."

मला वाटतं, सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची नोंद तीच होती. माठातलं पाणी छिद्रांतून झिरपून बाहेर येतं, त्याचं बाष्पीभवन होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर बाष्पीभवन मंदावतं. म्हणूनच विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जसा गार करतो तसा कोकणातल्या दमट हवेत करत नाही. हे मी आधीच फळ्यावर लिहून दिलं असतं तर मुलांनी उतरवून घेतलं असतं. पण तो 'बिघडलेला' दिवस वहीत असल्यामुळे "असं का झालं?" हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला, पाठ्यपुस्तकातला बाष्पीभवनाचा धडा स्वतः उघडला. पालकहो, नोंदी 'सुधारून' देताना नेमकं हेच आपण मुलांच्या हातून काढून घेतो.

*निष्कर्ष.* तोही मुलांच्याच शब्दांत हवा. "आमच्या शाळेत, या दोन माठांवर, कोरड्या हवेत फडक्याच्या माठातलं पाणी जास्त गार झालं. दमट दिवशी फरक दिसला नाही." वाक्य साधं आहे, पण खरं आहे. "ओल्या फडक्यामुळे पाणी नेहमी गार होते" हे वाक्य भारदस्त वाटतं, पण मुलांनी तेवढं तपासलेलंच नाही. निष्कर्ष नोंदींच्या पुढे जात नाही ना, एवढं आपण पाहायचं.

मुलांवर सोडायचं नाही असं काम: सुरक्षितता

वरचं सगळं वाचून 'मग मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारत बसायचं का?' असं वाटेल. तसं नाही. सुरक्षिततेबाबत आपण स्पष्ट 'नाही' म्हणायचं.

- गॅस, उकळतं पाणी, आम्ल, घरातल्या विजेचं कनेक्शन: मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय प्रयोग नाही. विजेचे प्रयोग फक्त सेलवर.
- पावावरची बुरशी हा मुलांचा आवडता प्रयोग. पाव पारदर्शक पिशवीत बंद करायचा, निरीक्षण बाहेरून करायचं आणि पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही. पिशवीची विल्हेवाट मोठ्यांनी लावायची. जिवाणू घरी वाढवायचे नाहीत, आयसेफच्या नियमांतही त्याला मनाई आहे.
- प्राणी-पक्ष्यांचं निरीक्षण करावं. त्यांना उपाशी ठेवणं, कोंडणं, काहीबाही खाऊ घालणं असे प्रयोग नकोत.
- माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर आधी परवानगी घ्यायची. लहान मुलांना विचारायचं असेल तर त्यांच्या पालकांचीही. वजन, आजार, घरची मिळकत असे प्रश्न नावानिशी विचारायचे नाहीत.

ही तपासणी प्रयोगाच्या आधी व्हायला हवी. म्हणून एक पानी योजना आधी लिहून घ्या आणि त्यावर मार्गदर्शकाची सही करा.

पालकांसाठी छोटी यादी

हे जरूर करा:
- साहित्य आणून द्या, शक्यतो घरातलंच.
- रोजच्या नोंदीच्या वेळेची आठवण करा.
- "मला समजावून सांग" म्हणा आणि शेवटपर्यंत ऐका.
- माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, कुणाला विचारू या?" असं मोकळेपणाने म्हणा.

हे टाळा:
- विषय स्वतः ठरवून देणं.
- तक्ता स्वतः लिहिणं, तयार मॉडेल विकत आणणं.
- आकडे जुळवणं.
- सादरीकरण पाठ करून घेणं.

लहान मुलांना जमेल का?

ही शंका नेहमी येते. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबलबी माश्यांवर प्रयोग केले. साखरपाणी कोणत्या 'फुलात' आहे हे ओळखताना माश्या फक्त रंग बघतात की रंगांची मांडणीही बघतात, हा त्यांचा प्रश्न. मांडणीही लक्षात घेतात, असं त्यांना दिसलं. त्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात छापून आला. आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या.

तिथे मोठ्यांनी काय केलं? बो लोट्टो हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक सोबत होते. साधनं, माश्या हाताळण्याची जबाबदारी, मुलांचे शब्द लिहून काढणं ही कामं मोठ्यांनी सांभाळली. प्रश्न, प्रयोगाची कल्पना आणि अर्थ लावणं हे मुलांचं होतं. निबंधात जुन्या संशोधनाचे संदर्भ नव्हते, तेव्हा ती पार्श्वभूमी सांगणारं टिपण शास्त्रज्ञांनी वेगळं लिहिलं. म्हणजे मुलांना जे जमणार नव्हतं ते मोठ्यांनी मुलांच्या नावावर घुसडलं नाही, स्वतःच्या नावाने शेजारी ठेवलं. आपल्यालाही हे करता येण्यासारखं आहे.

परीक्षण करताना

शेवटी एक गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी. ज्या मुलाच्या घरी इंजिनिअर काका नाहीत, ज्याची आई दिवसभर रोजंदारीवर जाते, त्याचा हाताने लिहिलेला तक्ता झगमगीत मॉडेलशेजारी फिका दिसतो. आपण दिसण्याला गुण दिले तर ते मूल एकच गोष्ट शिकतं, की विज्ञान हे पैसेवाल्यांचं काम आहे. पुढच्या वर्षी ते नाव देत नाही.

म्हणून गुण देण्याआधी प्रकल्पवही मागा आणि हे चार प्रश्न विचारा:

१. हा प्रश्न तुला कसा सुचला?
२. करताना काय फसलं?
३. कोणाची मदत घेतलीस आणि कशासाठी?
४. पुन्हा करायचा झाला तर काय बदलशील?

ज्याने स्वतः काम केलं आहे तो दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त बोलतो. यंदाच्या शाळेच्या प्रदर्शनात सजावटीचे गुण कमी करून तेवढे गुण प्रकल्पवहीला देता येतील का, याचा विचार आपापल्या शाळेत जरूर करा. आणि सूचनेसोबतच वरची पालकांसाठीची यादीही घरोघरी पाठवा.