समुद्रात न उतरलेला जीवाणू

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलं, की कधी कधी तळपायांना काळं, चिकट डांबर लागतं. ते साबणानं जात नाही. लहानपणी आम्ही असे आलो की आई रॉकेलचा बोळा घेऊन दारातच उभी असायची. समुद्रात सांडलेल्या तेलाचे ते गोळे. मी एकदा तिला विचारलं, "सगळा समुद्र पुसायला कोण येणार गं?" ती नुसती हसली.

उत्तर शोधणारा एक माणूस आपल्याच देशातला निघाला. आनंदमोहन चक्रवर्ती, १९३८ साली बंगालमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करणारे.

कच्चं तेल म्हणजे असंख्य हायड्रोकार्बनांची मिसळ. स्यूडोमोनास जातीच्या जीवाणूंपैकी कुणी त्यातलं ऑक्टेन खातो, कुणी नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्या. ही विद्या पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या सुट्या वेटोळ्यात असते. शेजारणीकडून विरजण आणावं, तसं एक जीवाणू ते दुसऱ्याला देतो. त्यावरच्या जनुकांबरहुकूम एन्झाइम तयार होतात. ती तेलाच्या रेणूला प्राणवायू जोडतात. एकदा ऑक्टेनसारख्या साखळीचं मेदाम्ल झालं, की आपल्या पोटातल्या तेलातुपासारखं तेही पचतं.

चक्रवर्तींनी अशी चार प्लाझ्मिडं एकाच जीवाणूत आणली. त्यातली दोन एकत्र नांदेनात, तेव्हा अतिनील किरणांच्या मदतीनं ती जोडून टाकली. १९७२ साली पेटंटसाठी अर्ज केला. जिवंत वस्तूला पेटंट कसं द्यायचं, म्हणून जीवाणूवरचा हक्क नाकारला गेला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. माणसानं घडवलेल्या सजीवावर मालकी सांगता येते, असं ठरलं.

गंमत अशी, की तो जीवाणू तेलगळती पुसायला समुद्रात कधी सोडलाच गेला नाही. घडवलेला जीव मोकळा सोडला तर काय होईल, ही धास्ती होतीच. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाज फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर फवारलं गेलं ते खत! तेल खाणारे जीवाणू तिथं मुळातच होते. उणीव होती नत्र आणि स्फुरदाची. शेतकऱ्याला हे सांगायला नको. जिथं खत आणि हवा पोचली, तिथं ते कामाला लागले. पण वाळूगोट्यांखाली, जिथं प्राणवायू नाही, तिथं एन्झाइम तरी काय जोडणार? तिथलं तेल कित्येक वर्षं तसंच राहिलं.

चक्रवर्ती २०२० साली गेले. अलीकडेच माझी नात किनाऱ्यावरून काळे तळवे घेऊन आली. घरात आता रॉकेल नाही. खोबरेल लावून मी ते पुसले. तिनं माझाच जुना प्रश्न विचारला. मी म्हटलं, "पुसणारे समुद्रातच आहेत, बाळ. पण ते सावकाश जेवतात. आपण वाढतो मात्र भराभर."