टँडेमचा चिमटा

एकामागे एक बसून दोघांनी पायडल मारायची टँडेम सायकल. तिचा पुढचा चिमटा बदलायची वेळ आली की पहिला विचार वजनाचा होतो: माणसं दोन, तर चिमटा दुप्पट मजबूत हवा. हा हिशेब अपुरा आहे. चिमट्याची खरी कसोटी लागते ती ब्रेक दाबल्यावर.

एकट्याच्या सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलतं. स्वारासाठी हा धोका असला तरी चिमटा त्यामुळेच वाचतो, कारण त्यापुढे ताण वाढतच नाही. स्वारासह ९० किलोच्या सायकलवर ही मर्यादा साधारण ५० किलोच्या ओढीएवढी येते. टँडेमच्या दोन चाकांमधलं अंतर मात्र पावणेदोन मीटरच्या आसपास असतं. एवढी लांब गाडी सहजी उलटत नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरेपर्यंत ब्रेक लागत राहतो आणि १७० किलोच्या टँडेमच्या चिमट्यावर १३५ किलोपर्यंत ओढ येऊ शकते. वजन दुपटीपेक्षा कमीच वाढलं, ताण पावणेतीनपट झाला!

पुण्याचे दृष्टिहीन साहसवीर दिव्यांशु गणात्रा टँडेमवरून मनालीहून खारदुंग ला गाठून आले. तिथल्या खिंडींतून उतरताना मागच्या स्वाराच्या हाती दिशा नसते. त्याचा सगळा भरवसा पुढच्या साथीदारावर आणि चिमट्याच्या दोन पायांवर.

ताण सर्वाधिक असतो तो दोन्ही पाय जुळतात त्या क्राउनच्या लगेच वर, हँडलकडे जाणाऱ्या नळीच्या बुडाशी. जुना चिमटा काढल्यावर तिथलं ग्रीस पुसून, छऱ्यांची वाटी टेकते त्या कडेजवळ भिंग धरून पाहावं. केसाएवढी आडवी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला तांबूस गंज दिसला, तर तो चिमटा परत चढवू नये. एका मोठ्या धक्क्याने न तुटणारा धातू हजारो छोट्या धक्क्यांनी चिरतो, हे जर्मनीच्या ऑगस्ट व्होलर यांनी १९व्या शतकात रेल्वेच्या आसांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं.

नव्या चिमट्यात हँडलकडे जाणाऱ्या या नळीचा व्यास फार मोलाचा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास २५.४ मिलिमीटरवरून २८.६ वर नेला, तर ताठपणा सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. ३१.८ वर नेला, तर जवळपास दुप्पट होतो. अमेरिकेच्या सँटाना कंपनीने आपल्या टँडेमसाठी ही सव्वा इंची नळी वापरली. अर्थात फ्रेममध्ये तेवढी जागा हवी. चिमट्याची उंचीही जुन्याइतकीच हवी. दोन सेंटिमीटरने जरी वाढली, तरी हँडलच्या नळीचा कोन अर्ध्या अंशाहून अधिक कलतो आणि वळण्याची पद्धत बदलते.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर बहुधा डाव्या पायाच्या खालच्या टोकाला असतो, त्यामुळे ब्रेकचा जोर त्या एकाच पायावर येतो. रिम ब्रेकसाठी घडवलेल्या बारीक पायावर डिस्कची पट्टी वेल्ड करून घेणं म्हणूनच घातक.

सायकलींच्या सुरक्षेसाठीचं आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक टँडेमला लागूच होत नाही. साध्या सायकलच्या चिमट्यावर या मानकाचा शिक्का असला, तरी तो दोघांच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. हा चिमटा टँडेमला चालेल, असं निर्मात्याने लेखी दिलेलं असलं पाहिजे. माउंटन बाइकचा जाडजूड सस्पेन्शनवाला चिमटा असला तरीही.