‘एम-वन’ राहिला म्हणजे डोकं कमी?

शेगाव, चिखली, बुलडाणा. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष कुठलंही घ्या, निकालाच्या दिवशी ‘एम-वन राहिला’, म्हणजे गणिताचा पहिला पेपर राहिला, हे वाक्य कानावर पडतंच. मग केटीवाल्यांचे, म्हणजे विषय राहिलेल्यांचे, जादा तास लागतात. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईनेही 2021-22 च्या पुस्तिकेत बारावीला गणित नसलेल्यांना वाट मोकळी करताना विद्यापीठांनी ब्रिज कोर्स घ्यावेत, असं म्हटलं होतं. तास ठीक; पण त्यात बसलेल्या पोरांविषयीचे आपले समज जुनेच आहेत.

सगळ्यात मुरलेला समज असा की, ज्याचं गणित राहतं तो मुळात कच्चाच. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये कॉलेजच्या मुलांना काही अक्षरं लक्षात ठेवून तोंडी बेरजा करायला लावल्या. साध्या बेरजांत गणिताला भिणारे फारसे मागे पडले नाहीत. हातचा घ्यावा लागला आणि अक्षरंही जास्त झाली, तेव्हा त्यांच्या चुका एकदम वाढल्या. आकडे क्षणभर धरून ठेवायची मनातली जागा आधीच चिंतेने अडवलेली असते. वहीत सरळ सुटलेला डिटरमिनंट पेपरात एका उणे चिन्हापायी फसतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. अर्थात पाया खरोखर कच्चा असलेली मुलंही असतात. पण दोघांना एकच औषध चालत नाही.

‘आधी भीती घालवा, मग गणित आपोआप येईल’ हा समज भाषणं ठेवणाऱ्यांना सोयीचा! जर्मनीत पेक्रुन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचा पाचवी ते नववी मागोवा घेतला (2017). भावना गुणांवर परिणाम करतात आणि गुण भावनांवर, असं दोन्ही बाजूंनी दिसलं. मुलांची आवड आणि अभिमान गुण वाढवत होते. भीती, लाज, राग, कंटाळा ते खाली ओढत होते. स्टॅनफर्डच्या 2015 च्या अभ्यासात तिसरीच्या मुलांना आठ आठवडे एकेकट्याला बसवून शिकवलं, तर भिणाऱ्यांची भीतीच कमी झाली. म्हणजे भाषण नको, शेजारी बसून गणित सोडवून घेणारं माणूस हवं. ही मुलं लहान होती, हे खरं. पण कॉलेजातल्या पोराला शेजारी कोणी नको असतं, असं थोडंच आहे?

‘मुली गणिताला जास्त घाबरतात’ हेही अर्धवटच. गोएट्झ आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात, एरवी विचारल्यावर मुलींनी स्वतःची भीती मुलांपेक्षा जास्त सांगितली. प्रत्यक्ष तासात आणि परीक्षेत त्या-त्या क्षणी नोंद घेतली, तर फरक उरला नाही. तेव्हा ‘तुला नाही जमायचं, तू आर्ट्सला जा’ म्हणणाऱ्या काकांनी जरा थांबावं.

कंटाळ्याकडे मात्र कुणी बघतच नाही. जादा तासात तेच सर, त्याच नोट्स, तोच वेग. म्हणजे ज्या पद्धतीने समजलं नव्हतं, तीच पुन्हा. वर केटीवाल्यांची यादी नोटीस बोर्डावर, आणि तास असा ठेवलेला की लोणार-मेहकरकडच्या पोरांची एसटी चुकावी. यादी प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवता येते. तास दुपारी घेता येतो. आणि पहिल्या दिवशी बिनगुणांची छोटी चाचणी घेतली, तर कोण अपूर्णांकात अडकलाय आणि कोण नुसता धास्तावलाय, हे तासाभरात कळतं.