शेतमालाची पिकअप गाडी : पाटे, टायर आणि घाटातील पकड

अजिंठा परिसरातील शेतमाल बाजारात नेण्यास मुख्यतः दोन वाटा आहेत. एक वाट दक्षिणेस गोळेगाव व सिल्लोडवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाते. दुसरी उत्तरेस अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरमार्गे खानदेशात जळगावकडे जाते. पूर्वी या वाटांवर लोखंडी धावेच्या चाकांची बैलगाडी चालत असे. आज मिरची, मका व कापूस यांची बरीचशी वाहतूक लहान मालमोटारींतून, म्हणजे ज्यांना सर्वजण पिकअप म्हणतात त्या गाड्यांतून होते. अनेक शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढून अशी गाडी घेतलेली असते व शेतीस जोडधंदा म्हणून ती चालविली जाते. अशा कुटुंबाच्या दृष्टीने गाडी उलटणे किंवा उतारावर न थांबणे म्हणजे केवळ मालाचे नुकसान नव्हे. त्यात माणसांचे जीव व संसाराची घडी दोन्ही गुंतलेली असतात.

गाडी घेतल्यानंतर मागील बाजूस एक-दोन जादा पाटे चढवून घेण्याकडे पुष्कळांचा कल दिसतो. जितके पाटे अधिक, तितकी गाडी बळकट, असा समज त्यामागे असतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेले अर्धे घाटात महाग पडते.

पाट्यांचे खरे कार्य

भार पेलणे हे पाट्यांचे एक काम झाले. चाक सदैव जमिनीला टेकलेले ठेवणे हे त्यांचे दुसरे व तितकेच महत्त्वाचे काम होय. गाडी पुढे ढकलणे, वळविणे व थांबविणे या तिन्ही क्रिया टायर जमिनीला जेथे टेकतो त्या तळहाताएवढ्या जागेतून घडतात. खड्ड्यावरून जाताना चाक क्षणभर जरी हवेत राहिले, तरी तेवढा वेळ त्या चाकाची पकड शून्य असते. त्या क्षणी ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही.

पाटा दबतो व पुन्हा उसळतो. ही उसळी लवकर शमविण्याचे काम शॉकॲब्सॉर्बर करतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळेही उसळी काही अंशी कमी होते. पाटे, शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश व टायर ही चारही अंगे एकमेकांशी जुळलेली असतील तरच गाडी मार्गावर स्थिर राहते. त्यांपैकी एकच अंग बदलले म्हणजे हा मेळ बिघडतो.

जादा पाट्याने काय घडते?

सारख्या जाडीचे सात पाटे असलेल्या संचात तसाच एक आठवा पाटा घातला, तर संचाचा ताठपणा सुमारे सातव्या हिश्श्याने वाढतो. जाडीचा परिणाम मात्र याहून कितीतरी मोठा असतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा वापरला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. दिसण्यात फरक दोन मिलिमीटरांचा, पण चालीत फरक मोठा पडतो.

असे ताठ पाटे भरल्या गाडीत कदाचित बरे वाटतील. परंतु माल उतरवून गाडी रिकामी परत येते तेव्हा मागील भाग हलका असतो. ताठ पाटे दबत नाहीत व मागची चाके खड्ड्याखड्ड्यावर उडू लागतात. ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाजूला सरकते, ती याच कारणाने. हिरव्या मिरचीसारखा नाजूक मालही ताठ गाडीत अधिक दचके खातो व दबतो.

याखेरीज एक दोष सहसा लक्षात येत नाही. काही गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी झडप असते. सांगाडा व मागील ॲक्सल यांमधील अंतर पाहून गाडी भरलेली आहे की रिकामी, हे ती झडप ठरविते. पाटे ताठ केल्याने भरलेली गाडीही पुरेशी खाली बसत नाही. झडप ती रिकामी समजते व मागील ब्रेकला कमी दाब देते. परिणामी जास्त वजनाची गाडी उतारावर थांबण्यास अधिक अंतर घेते. अशी झडप असल्यास पाट्यांच्या कोणत्याही कामानंतर ती निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे जुळवून घेणे अत्यावश्यक आहे.

पाटे वाढविले तरी ॲक्सल, ब्रेक, बेअरिंग, टायर व सांगाडा ही अंगे पूर्वीचीच राहतात, हेही विसरता कामा नये. पाटा न तुटता अधिक माल जाऊ लागला, तर तो ताण या इतर अंगांवर पडतो.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

गाडी डोलते किंवा एका बाजूस ओढते, अशी तक्रार असल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. टायर : चारही टायरांतील हवा गाडी थंड असताना मोजावी. गाडीवरील पट्टीत किंवा पुस्तिकेत रिकाम्या व भरल्या गाडीसाठी वेगवेगळे दाब दिलेले असल्यास त्याप्रमाणे हवा ठेवावी. नियमाप्रमाणे टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. चिखलात चालणाऱ्या गाडीचे टायर ही मर्यादा गाठण्यापूर्वीच बदलणे हितावह आहे.

२. पाटे : तडा गेलेला पाटा, सैल यू-बोल्ट व तुटलेला सेंटर बोल्ट यांचा शोध घ्यावा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल जागचा सरकतो व गाडी तिरकी चालते. नवे यू-बोल्ट बसविल्यावर एक-दोन खेपांनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत.

३. बुश व शॅकल : ही किरकोळ किमतीची अंगे झिजल्यामुळे निर्माण झालेले डोलणे पुष्कळदा पाट्यांच्या माथी मारले जाते.

४. शॉकॲब्सॉर्बर : त्यातून तेल गळत असल्यास किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजलेला दिसल्यास ते जोडीने बदलावेत.

एवढे केल्यानंतरही भरलेली गाडी फार खाली बसत असेल, तर प्रथम भार मर्यादेत आहे की नाही ते पाहावे. भार मर्यादेत असूनही दोष राहिल्यास, निर्मात्याने त्याच गाडीसाठी मान्य केलेला हेल्पर पाटा आहे का, याची चौकशी करावी. हा पाटा गाडी रिकामी असताना मोकळा राहतो व भार पडल्यावरच टेकतो. त्यामुळे रिकामी गाडी मऊ राहते व भरलेलीला आधार मिळतो. नुसता जाड पाटा ठोकणे व हा उपाय यांत हाच मुख्य भेद आहे.

काळ्या मातीतील पकड

ज्या काळ्या पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत, त्याच जातीच्या पाषाणाच्या झिजेतून या भागातील काळी जमीन तयार झाली आहे. तिच्यातील चिकण कण पाणी शोषून फुगतात व टायरच्या नक्षीत घट्ट बसतात. नक्षी बुजली की नवा टायरही गुळगुळीत टायरप्रमाणे घसरतो. मिरचीचे तोडे पावसाळ्यात येत असल्याने हा प्रसंग वारंवार येतो.

येथे पाटे बदलून लाभ होत नाही. साध्या रचनेच्या मागील ॲक्सलमध्ये एक चाक चिखलात फिरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तितकीच अल्प ताकद मिळते. म्हणून ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यास चाक अधिक रुतते. गाडी थांबवून चाकापुढील चिखल काढावा, पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गोणपाट घालावे व खालच्या गिअरमध्ये हळूच बाहेर काढावी. पाऊस चालू असता गाडी पक्क्या रस्त्यावरच उभी करून माल तेथवर आणणे सर्वांत सुरक्षित होय. कायमचा उपाय म्हणजे खडी-मुरमाचा शेतरस्ता.

भार भरण्याची रीत

जड पोती तळाशी व मागील ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवावीत. वजन ॲक्सलच्या मागे लोंबत राहिले तर पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग नीट ऐकत नाही. मका थोड्या जागेत फार वजन करतो, तर कापूस वजनाने हलका असला तरी उंच रचला जातो. पहिल्याचा धोका ब्रेकला व दुसऱ्याचा वळणावर उलटण्याचा. कापसाची रास आटोपशीर ठेवून दोराने घट्ट बांधावी. मालावर मजुरांना बसविणे सर्वथैव वर्ज्य करावे. घाट उतरताना प्रारंभीच खालचा गिअर घ्यावा. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होतो.

कायद्याची मर्यादा

गाडीच्या नोंदणीपत्रात दिलेले एकूण वजन हीच भाराची मर्यादा होय; पाटे वाढविल्याने ती वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या रचनेशी विसंगत असे मूलभूत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चार पोती जादा नेऊन वाचणारे भाडे आणि ही रक्कम यांचा हिशेब शेतकरी बंधूंनी स्वतःच मांडून पाहावा.

बैलगाडीच्या काळात शहाणा गाडीवान घाटाच्या माथ्यावर थांबून वंगण, दोर व बैलांचे खूर पाहून घेत असे. आज बैलांच्या जागी इंजिन आले तरी ती रीत सोडण्याचे कारण नाही. घाट उतरण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून टायर, पाटे, ब्रेक व दोर यांवर नजर टाकावी. नव्या पाट्यावर पैसा खर्च करण्यापूर्वी ही विनाखर्चाची सवय लावून घेतल्यास माल, गाडी व माणसे सुखरूप घरी पोहोचतील.