पाण्याची आगाऊ ओळख

डिंगी म्हणजे इंजिन नसलेली, एकाने किंवा दोघांनी हाकायची शिडाची छोटी होडी. मोठ्या यॉटच्या तळाशी शिशाचे वजन असते. डिंगीला ते नसते. मधल्या खाचेतून पाण्यात सोडलेली एक फळी आणि हाकणाऱ्याचे स्वतःचे अंग एवढ्यावर तिचा तोल राहतो. वारा वाढला की खेळाडू पाय पट्ट्यात अडकवतो आणि सारे शरीर होडीबाहेर, पाण्यावर झोकून देतो. जगात सर्वाधिक पसरलेल्या डिंगींपैकी एक म्हणजे पूर्वीची लेझर, आताची इल्का. तिची लांबी ४.२३ मीटर, शीड एकच. सर्वांच्या होड्या एकाच साच्याच्या असल्यामुळे हरलेल्याला होडीवर खापर फोडता येत नाही.

अशा होड्यांच्या शर्यतमालिकेला रेगाटा म्हणतात. सुरुवातीची रेषा वाऱ्याला आडवी आखलेली असते आणि पहिला बोया थेट वाऱ्याच्या दिशेला असतो. पाच मिनिटे आधी पहिला झेंडा चढतो, मग मिनिटांच्या हिशेबाने झेंडे चढतात-उतरतात. तेवढ्या वेळात साऱ्या होड्या रेषेमागे मोक्याची जागा धरण्यासाठी घुटमळत राहतात. वेळेआधी रेषा ओलांडली तर परत फिरावे लागते, आणि काळा झेंडा लागलेला असेल तर त्या शर्यतीतून थेट बाद. गुणांची रीतही उलटी आहे: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. ठरावीक शर्यती झाल्या की सर्वांत वाईट निकाल वगळला जातो. म्हणून एखाद्या शर्यतीत झळकण्यापेक्षा रोज पहिल्या काहींत राहणे जास्त फायद्याचे ठरते.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन राखत, कधी डावीकडे कधी उजवीकडे, नागमोडी वाटेने तिला वर चढावे लागते. खरी शर्यत इथे असते. दोन होड्या एकमेकींपासून आडव्या शंभर मीटर अंतरावर आहेत आणि वारा दहा अंशांनी वळला, तर तो ज्या बाजूला वळला त्या बाजूच्या होडीला बसल्या जागी सुमारे पंचवीस मीटरची आघाडी मिळते. वारा केव्हा आणि कुठे वळणार हे ज्याला आधी उमगले, त्याला एरवी तासभर घाम गाळून मिळणारे अंतर फुकट मिळते. आणि हे वळणे प्रत्येक किनाऱ्यावर निराळे असते. धावपट्टी कुठेही ४०० मीटरचीच असते. समुद्राचे मैदान मात्र दर ठिकाणी नवे. भविष्यातल्या मोठ्या स्पर्धेची जागा जाहीर झाली की जगभरचे खेळाडू वर्ष-दोन वर्षे आधीच तिथल्या पाण्यात उतरू लागतात, ते त्यासाठीच.

ऑलिंपिकसाठी तर आदल्या वर्षी त्याच ठिकाणी सराव स्पर्धाच भरवतात. पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती मार्सेयच्या रुका-ब्लां बंदरात व्हायच्या होत्या; तिथे ९ ते १६ जुलै २०२३ या काळात अशी स्पर्धा झाली. प्रत्येक प्रकारात देशागणिक एकच प्रवेशिका, झेंडे, पंच, बोये, सारे पुढच्या वर्षीसारखे. आयोजकांना त्यात यंत्रणेची चाचणी घेता येते. खेळाडूंना मात्र पदकापेक्षा वहीतल्या नोंदी मोलाच्या वाटतात: दुपारी खारा वारा किती वाजता धरतो, टेकड्यांच्या आडोशाला कुठे पडतो, बेटांजवळ कसा वाकतो, ढग आले की काय होते. मार्सेयला दोन वारे ओळखावे लागतात. एक म्हणजे उन्हाने तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येणारा दुपारचा वारा. दुसरा मिस्ट्राल, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा थंड, कोरडा आणि आडदांड. मार्सेयपुढच्या भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फारसा नसतो. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. तिथे शिकलेल्याला प्रवाहाचे गणित अंगवळणी पडलेले असते, पण मार्सेयला त्याचा उपयोग थोडाच.

एवढे करूनही पाणी शब्द पाळतेच असे नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये मार्सेयला वारा इतका पडला की काही पदक-शर्यती, म्हणजे मालिकेतल्या शेवटच्या शर्यती, दुसऱ्या दिवसावर ढकलाव्या लागल्या.

याहून मोठा धडा चिंगदाओचा. बीजिंग ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती या चिनी बंदरात ठरल्या, आणि २००६ व २००७च्या सराव स्पर्धांतून सर्वांनी एकच निष्कर्ष काढला: वारा मंद, प्रवाह जोरदार. हलक्या वाऱ्यात हलके अंग पळते म्हणून कित्येकांनी वजन उतरवले. मग २००८च्या जूनमध्ये हिरव्या शेवाळाने उपसागर झाकून टाकला. ते कोणाच्याच वहीत नव्हते. हजारो माणसांनी लाखो टन शेवाळ उपसून शर्यतींपुरते पाणी मोकळे केले. १७ ऑगस्टला ४९अर या दोघांच्या चपळ होडीची पदक-शर्यत आली तेव्हा तर सोसाट्याचा वारा आणि अंगावर येणाऱ्या लाटा होत्या. आघाडीवरच्या डेन्मार्कच्या योनास वॉरर आणि मार्टिन किर्केटेर्प यांची डोलकाठी सुरुवातीआधीच मोडली. ते किनाऱ्याला परतले, पदक-शर्यतीत नसलेल्या क्रोएशियाच्या जोडीची होडी मागून घेतली आणि उशिराने का होईना, मुदतीच्या आत रेषा ओलांडली. त्या शर्यतीत ते सातवे आले. एकूण गुणांत सुवर्णपदक मिळाले. उसन्या होडीबद्दल तक्रारी झाल्या, प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेले, पण निकाल बदलला नाही. मंद वाऱ्याच्या जागी तुफानी दिवस निघाला, तरी चिंगदाओची आगाऊ तयारी वाया गेली असे म्हणता येत नाही. त्या दिवसाआधीचे गुण त्याच तयारीवर मिळवलेले होते.

भारतात या खेळाचे जुने ठाणे मुंबई. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, आणि फायरबॉल या डिंगीत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी घरच्या पाण्यात सुवर्णपदक जिंकले. घरच्या पाण्याचा फायदा म्हणजे काय याचे इतके जवळचे उदाहरण मराठी वाचकाला दुसरे मिळणार नाही. कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोड या लष्करी केंद्रात आजही खेळाडू घडतात; विष्णू सरवणन तिथलाच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पुरुषांच्या इल्का ७ प्रकारात अठरावा आला, तर चेन्नईची नेत्रा कुमानन महिलांच्या इल्का ६ मध्ये एकविसावी. युरोपातले खेळाडू गाडीच्या टपावर होडी बांधून शर्यतीच्या ठिकाणी पोहोचतात. भारतीयाला मात्र विमानाचे तिकीट, भाड्याची होडी आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम हे सारे उभे करावे लागते. क्रमांकांतले अंतर मोजताना हा हिशेबही धरायला हवा.

आता सर्वांची नजर लॉस एंजेलिसकडे आहे. २०२८च्या ऑलिंपिकसाठी डिंगींच्या शर्यती सॅन पेद्रो इथल्या बंदरात ठरल्या आहेत. १९३२च्या ऑलिंपिकमध्येही शिडाच्या शर्यती याच बंदराच्या परिसरात झाल्या होत्या. इथल्या पाण्याचा एक पट्टा जोरदार वाऱ्यामुळे ‘हरिकेन गल्च’, म्हणजे वादळाची घळ, या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात दुपार झाली की पश्चिमेचा वारा तिथे हमखास जोर धरतो. चिंगदाओसाठी लोकांनी वजन उतरवले होते. सॅन पेद्रोसाठी मात्र मांड्या आणि पाठ कमावलेला, थोडा वजनदार गडीच उपयोगी पडेल.